डेलावेअरच्या दोन तीरांवर

अमेरिकेच्या पूर्व भागात डेलावेअर नावाची नदी वाहते. तिच्या एका तीरावर न्यू जर्सी हे राज्य, तर दुसऱ्या तीरावर पेनसिल्व्हेनिया. दोन्हीकडची माणसे एकच भाषा बोलतात आणि भूक लागली की एकाच नावाच्या दुकानांतून हॅम्बर्गर व तळलेले बटाटे घेऊन खातात. १ एप्रिल १९९२ रोजी मात्र या दोन तीरांमध्ये एक भेद उत्पन्न झाला. न्यू जर्सीत मजुरीचा किमान दर तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर झाला. पेनसिल्व्हेनियात तो ४.२५ वरच राहिला. अर्थशास्त्रात अर्धशतक निवाडा झालाच आहे असे मानला गेलेला एक वाद या ८० सेंटांनी पुन्हा उभा केला.

वादाचा विषय साधा होता. कायद्याने मजुरीचा किमान दर ठरविला, तर तो मजुराला आधार देतो की त्याच्या हातचे कामच काढून घेतो? अमेरिकेत संघराज्याचा असा कायदा १९३८ मध्ये आला आणि पहिला दर तासाला २५ सेंट ठरला. १९४६ मध्ये जॉर्ज स्टिग्लर यांनी एका निबंधात असे मांडले की, ज्याच्या श्रमाचे मोल ठरविलेल्या दरापेक्षा कमी, त्याला मालक कामावर ठेवणार नाही. ज्याच्यासाठी कायदा केला, तोच आधी रस्त्यावर येईल. त्याच वर्षी प्रिन्स्टन विद्यापीठाचे रिचर्ड लेस्टर यांनी निराळी वाट धरली होती. त्यांनी दक्षिणेतील कारखानदारांनाच विचारले. उत्तर आले की, माणसे किती ठेवायची हे मालाच्या खपावर ठरते. मजुरीच्या दराकडे त्यासाठी फारसे पाहिले जात नाही. परंतु मालकांना प्रश्न विचारणे हे काही शास्त्र नव्हे, असे म्हणून पंडितांनी लेस्टर यांना बाजूला सारले. पाठ्यपुस्तकांत स्टिग्लर यांचा सिद्धांत गेला आणि तेथेच स्थिरावला.

उपाहारगृहातील नोकर त्या काळी बहुतांशी कायद्याच्या कक्षेबाहेरच होते. १९६६ च्या दुरुस्तीने ते आत आले. तोवर त्या धंद्याचे रूपच पालटले होते. कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे मॅकडोनाल्ड बंधूंनी १९४८ मध्ये मोटारीपाशी खाणे नेऊन देणाऱ्या मुली काढून टाकल्या, बश्या व काटेचमचे बंद केले आणि स्वयंपाकघराची जणू कारखान्याप्रमाणे मांडणी केली. एकाने मांस भाजायचे, दुसऱ्याने पावात घालून गुंडाळायचे, तिसऱ्याने पैसे घ्यायचे. असे काम थोड्या वेळात शिकता येते. म्हणून तेथे कोवळ्या वयाची, नवखी मुले येतात आणि आरंभीची मजुरी कायद्याच्या किमान दराला चिकटून असते. दर वाढला की त्याचा धक्का सर्वांत आधी जेथे जाणवायचा, ती ही दुकाने.

लेस्टर यांच्याच प्रिन्स्टनमधील डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी हे ओळखले. दरवाढ व्हायच्या आधी, १९९२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, त्यांनी न्यू जर्सी आणि पूर्व पेनसिल्व्हेनियातील मिळून ४१० दुकानांकडे चौकशी करविली: नोकर किती, आरंभीची मजुरी काय, पेय, बटाटे व मुख्य पदार्थ असे जेवण कितीला. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तीच दुकाने पुन्हा गाठली. जी फोनवर सापडेनात त्यांच्याकडे माणूस पाठविला आणि जी कायमची बंद पडली होती त्यांचे नोकर शून्य धरले. हा शेवटचा तपशील लहान दिसतो, पण त्यातच मोजणाऱ्याचा प्रामाणिकपणा आहे. केवळ टिकलेल्यांची शिरगणती केली असती तर कायद्याला फुकटची शाबासकी मिळाली असती.

काळही कायद्याला अनुकूल नव्हता. दरवाढ मंजूर झाली १९९० मध्ये. ती अमलात यायच्या वेळी देशात मंदी होती. विधिमंडळाने वाढ दोन टप्प्यांत करण्याचे विधेयक आयत्या वेळी संमतही केले. परंतु गव्हर्नरांचा नकाराधिकार मोडून काढण्यास थोडी मते कमी पडली. गव्हर्नरांनी नवा दर लागू होऊ दिला आणि मग विधेयक फेटाळले. असा योग नसता, तर ही तुलनाही घडली नसती.

आकडे आले ते अनपेक्षित. दोन अर्धवेळ नोकर म्हणजे एक पूर्णवेळ, असा हिशेब करून न्यू जर्सीत दुकानागणिक सरासरी २०.४४ नोकर होते ते २१.०३ झाले, पेनसिल्व्हेनियात, जेथे दर वाढलाच नव्हता, ते २३.३३ वरून २१.१७ वर उतरले. मंदीचा फटका पलीकडच्या तीरावर दिसला. दरवाढीच्या तीरावर नोकऱ्या घटल्याची खूण सापडली नाही. जेवणाची किंमत मात्र तेथे तुलनेने सुमारे ४ टक्क्यांनी चढली. म्हणजे वाढलेल्या मजुरीचा भार बराचसा गिऱ्हाइकाने उचलला. हा निबंध १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला.

हे घडावे कसे, याचे एक उत्तर फार पूर्वीच लिहून ठेवलेले होते आणि ते लिहिणाऱ्या विदुषीचा ग्वाल्हेरशी संबंध होता. ग्वाल्हेरचे अल्पवयीन महाराज जिवाजीराव शिंदे यांचे शिक्षक म्हणून केंब्रिजचे ऑस्टिन रॉबिन्सन १९२६ ते १९२८ या काळात तेथे होते. त्यांच्या तरुण पत्नी जोन याही त्यांच्यासोबत राहिल्या. पुढे १९३३ मध्ये जोन रॉबिन्सन यांनी अपूर्ण स्पर्धेवरील आपल्या ग्रंथात, विकणारे अनेक आणि विकत घेणारा एकच, अशा बाजाराचा विचार केला व त्याला मोनॉप्सनी हे नाव रूढ केले. श्रमाच्या बाजारात त्याचा अर्थ असा. एका दुकानदाराकडे ४.२५ डॉलरवर २० नोकर आहेत. एकविसावा ४.५० शिवाय येत नाही. त्याला ते द्यावेत, तर जुने वीसजणही २५ सेंट वाढवून मागणार. त्यांचे तासाला ५ डॉलर. म्हणजे एकविसावा नोकर मालकाला ९.५० डॉलरला पडतो. मालक जागा रिकामीच ठेवतो आणि माणसे मिळत नाहीत अशी तक्रार करतो. कायद्याने सर्वांनाच ५.०५ द्यावे लागले, की एकविसावाही ५.०५ मध्येच पडतो. जागा भरली जाते. अर्थात दर फारच चढविला तर ही किमया संपते, हेही त्याच गणितात आहे. शिवाय या उत्तराने सर्व उलगडते असे नव्हे: नोकर वाढले तर माल वाढावा आणि किंमत उतरावी, न्यू जर्सीत ती चढली होती. कार्ड व क्रूगर यांनी ही विसंगती लपविली नाही.

टीकेचे मोहोळ उठले. नोबेल मिळविलेले जेम्स ब्यूकॅनन यांनी वृत्तपत्रातून अशा संशोधनाला मानणाऱ्यांचा ज्या शब्दांत उद्धार केला, ते शब्द सभ्य सभेत उच्चारण्याजोगे नव्हते. डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर यांची टीका मात्र कामाची होती. फोनवर सांगितलेली संख्या भरवशाची नसते, असे म्हणून त्यांनी दुकानांच्या पगारपत्रकांतून मोजणी केली आणि न्यू जर्सीतच रोजगार घटल्याचे दाखविले. त्या पत्रकांपैकी काही उपाहारगृहवाल्यांच्या बाजूच्या एका संस्थेने गोळा केलेली होती, यावरून पुन्हा वाद झाला. २००० मध्ये कार्ड व क्रूगर यांनी सरकारी नोंदींवरून फिरून मोजले. या वेळी वाढही ठळक दिसेना आणि घटही. पहिल्या निबंधापेक्षा हा निष्कर्ष सावध आहे आणि बहुधा तोच अधिक टिकाऊ.

कार्ड यांनी मग हा विषयच सोडून दिला; या कामापायी आपल्याला काही मित्र गमवावे लागले, असे त्यांनी पुढे सांगितले. परंतु दुकानांतील मुलांना, आणि आता मुले राहिली नव्हती अशा प्रौढ नोकरांना, विषय सोडणे शक्य नव्हते. संघराज्याचा दर २००९ मध्ये ७.२५ डॉलर झाला आणि तेथेच गोठला. नोव्हेंबर २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या फास्ट फूड दुकानांतील सुमारे दोनशे नोकर काम सोडून रस्त्यावर आले. मागणी होती तासाला १५ डॉलर, चालू दराच्या दुपटीहून अधिक. या वेळी खुद्द क्रूगर यांनी हात राखला. देशभर १२ डॉलरपर्यंतचा दर झेपेल, १५ डॉलरचा दर मात्र अनोळखी पाण्यात शिरण्यासारखा आहे, अशा आशयाचे मत त्यांनी २०१५ मध्ये मांडले. ज्यांच्या आकड्यांच्या बळावर मागणी उभी होती, त्यांनीच हे म्हणावे हे अनेकांना रुचले नाही. पण ८० सेंटांचे प्रमाण दुपटीला लागू करायला ते तयार नव्हते. २०१९ मध्ये क्रूगर वारले. २०२१ चे अर्थशास्त्राचे नोबेल अर्धे कार्ड यांना मिळाले.

न्यू जर्सीच्या दरवाढीला बरोबर ३२ वर्षे झाली त्या दिवशी, १ एप्रिल २०२४ रोजी, कॅलिफोर्नियाने मोठ्या फास्ट फूड साखळ्यांपुरता दर १६ वरून २० डॉलर केला. देशात साठ किंवा अधिक दुकाने असलेल्या साखळ्यांनाच तो लागू. शेजारचे एकटेदुकटे उपाहारगृह मोकळे. वर्ष-दीड वर्षात दोन मोजण्या हाती आल्या. बर्कले येथील संशोधकांना मजुरी चढलेली, किमती थोड्या वाढलेल्या आणि नोकऱ्या जागच्या जागी दिसल्या. जेफ्री क्लेमेन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये, इतर राज्यांशी तुलना करून, रोजगार २.७ टक्क्यांनी, म्हणजे सुमारे १८,००० नोकऱ्यांनी घटल्याचे काढले. शिवाय डोकी मोजणाऱ्याला तास दिसत नाहीत: आठवड्याला तीस तास राबणाऱ्याचे पंचवीस झाले, तर शिरगणतीत तो नोकर जसाच्या तसा उभा असतो आणि त्याचे घर मात्र पंचवीस तासांच्या मजुरीवर चालते.