हौशी विमानबांधणी आणि चाकांची आवरणे : तंत्रज्ञानाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित धागा

प्रस्तावना

विमानविद्येचा इतिहास बहुधा सरळ रेषेत मांडला जातो. आरंभी विमानाची चाके उघडी होती. पुढे त्यांवर आवरणे आली. अखेरीस चाके पोटात ओढून घेणारी यंत्रणा आली आणि आवरणे कालबाह्य झाली. मोठ्या विमानांपुरता हा क्रम यथार्थ आहे. मात्र स्वहस्ते विमान बांधणाऱ्या हौशी मंडळींची परंपरा अभ्यासली असता तो अपुरा ठरतो. या परंपरेत आवरण टिकले, ते सवयीने नव्हे, तर हिशेबाने. हे कसे घडले याचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

प्रयोगशाळेतील शोध

अमेरिकेतील ‘नाका’ या शासकीय संशोधन संस्थेच्या लँगली प्रयोगशाळेत १९२७ मध्ये पूर्ण आकाराच्या पंख्यांच्या (प्रोपेलर) चाचण्यांसाठी वातबोगदा उभा राहिला. तेथील चाचण्यांतून उघड्या चाकांमुळे होणारा वायुरोध बराच मोठा असू शकतो, असे दिसून आले. १९२९ मध्ये केंब्रिजचे प्राध्यापक मेल्व्हिल जोन्स यांनी विमानाची बरीचशी शक्ती हवेत भोवरे निर्माण करण्यातच वाया जाते, हे सप्रमाण मांडले. त्याच वर्षी क्लीव्हलंडच्या शर्यतीत चाकांवर आवरणे असलेल्या ‘ट्रॅव्हल एअर’ विमानाने लष्करी विमानांना मागे टाकले. तथापि बोइंग २४७ (१९३३) आणि डीसी-३ (१९३५) यांसारख्या प्रवासी विमानांनी चाके आत ओढून घेण्याचा मार्ग पत्करला.

हौशी परंपरेची निवड

ही यंत्रणा वजनदार, खर्चिक आणि बिघाडास वाव देणारी होती. लहान विमानाला तो भार परवडणारा नव्हता. ऑशकॉशचे स्टीव्ह विटमन यांनी पोलादी स्प्रिंगचे साधे पाय विकसित केले. सेसना कंपनीने त्यांचे हक्क घेऊन ते १९४६ च्या सेसना १२० व १४० या विमानांना बसवले. १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ स्थापन केल्यावर हौशी बांधणीला संघटित रूप आले. रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन यांच्या आरव्ही-३ (१९७१) या विमानाचे पाय पोलादी गोल दांड्याचे होते. गोल दांडा स्प्रिंग म्हणून उत्तम. परंतु त्यामागे हवेचा प्रवाह तुटतो. तेवढ्याच जाडीच्या निमुळत्या आकाराचा वायुरोध त्याच्या सुमारे एक दशांश असतो. त्यामुळे अशा पायांना आवरण ही शोभा न राहता गरज ठरली.

बसवण्याची रीत

येथे प्रयोगशाळेतील ज्ञान कारागिरीत उतरते. जमिनीवर उभ्या विमानाचे पाय भाराने फाकतात. उड्डाणात ते सैल लोंबतात. आवरण हवेत काम करणार असल्याने ते उड्डाणातील स्थितीतच बसवावे लागते. म्हणून विमान जॅकवर उचलून पाणसळीने समतल केले जाते. नाकाकडून व शेपटीकडून ओळंबे सोडून जमिनीवर मध्यरेषा आखली जाते आणि प्रत्येक आवरण तिला समांतर बसवले जाते. ते किंचित तिरके बसले, तरी लहान सुकाणूप्रमाणे विमानाला एका बाजूस वळवू लागते. टायर व आवरण यांत पुरेसे अंतर ठेवावे लागते, अन्यथा धावपट्टीवर घर्षण होते. पाय आणि विमानाचे अंग जेथे मिळतात, तेथील सांधा फायबर ग्लासच्या थरांनी गोलसर भरून घेतला जातो; कारण दोन प्रवाह एकत्र येतात तेथे वायुरोध वाढतो.

निष्कर्ष

आरव्ही मालिकेच्या ११,००० हून अधिक विमानांनी आजवर उड्डाण केले आहे. मालिकेतील कोणत्याही प्रारूपात चाके आत ओढण्याची सोय नाही. तरीही त्यांतील अनेक विमाने ताशी ३०० किलोमीटरपेक्षा अधिक वेग गाठतात. जुने साधन नव्याने सर्वत्र पुसले जाते, हा समज त्यामुळे तपासून घ्यावा लागतो. कोणते साधन टिकेल हे केवळ त्याच्या नवेपणावर ठरत नाही. वजन, खर्च, दुरुस्ती आणि ते वापरणाऱ्याचे हात यांवरही ठरते. तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना कारखान्याइतकेच घरामागच्या कार्यशाळेकडेही लक्ष द्यावयास हवे.