खालिद जमील : मुंबईच्या मैदानांवरचा मिडफिल्डर भारतीय फुटबॉल संघाचा कोच कसा झाला?

सातारा-सांगलीच्या तालमीत एक गोष्ट हमखास दिसते. अंगात रग असेपर्यंत मैदानं मारणारा पैलवान वय झालं की लंगोट खुंटीला टांगतो आणि वस्ताद होतो. आपल्या मातीतल्या पोरांना आपलाच जुना मल्ल घडवणार, यात कुणाला नवल वाटत नाही.

भारतीय फुटबॉलमध्ये मात्र बरीच वर्षं उलटं चालत आलं. खेळाडू आपले, पण वस्ताद परदेशी. राष्ट्रीय संघ असो की आयएसएलचे क्लब, कोच म्हटलं की स्पेन, इंग्लंड, क्रोएशिया अशीच नावं पुढे यायची. ऑगस्ट 2025 मध्ये हे बदललं. स्पेनचे मानोलो मार्केझ यांच्या जागी खालिद जमील भारताचे मुख्य कोच झाले. 2011-12 मध्ये गोव्याच्या सावियो मेडेरा यांच्याकडे ही जबाबदारी होती. त्यानंतर या खुर्चीवर पूर्णवेळ बसलेले जमील हे पहिलेच भारतीय.

कुवेतमध्ये जन्म, मुंबईत फुटबॉल

जमील यांचा जन्म 1977 चा, कुवेतमधला. आखाती युद्धाच्या काळात कुटुंब भारतात आलं आणि मुंबईत स्थिरावलं. महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडिया या मुंबईच्या संघांकडून ते मिडफिल्डमध्ये खेळले. भारताची जर्सीही त्यांनी घातली. पण दुखापतींनी पिच्छा पुरवला आणि शेवटी मुंबई एफसीमध्ये असताना त्यांनी बूट काढून ठेवले.

2009 मध्ये त्याच मुंबई एफसीने त्यांना कोच केलं. तेव्हा त्यांचं वय होतं अवघं 32. पैसा कमी, मोठे स्टार नाहीत, अशा संघाला आय-लीगमध्ये टिकवून ठेवायचं काम त्यांनी सात हंगाम केलं. 2016 मध्ये ही साथ सुटली.

ऐझॉलचा चमत्कार

त्यानंतर त्यांनी मिझोरामच्या ऐझॉल एफसीची सूत्रं घेतली. हा क्लब आधीच्याच हंगामात आय-लीगमधून खाली घसरला होता. गोव्याचे क्लब स्पर्धेतून बाहेर पडले म्हणून त्याला पुन्हा जागा मिळाली होती. विजेतेपदाचं नाव कुणी काढणं शक्यच नव्हतं.

जमील यांनी जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे मुंबई एफसीचे खेळाडू सोबत घेतले. जोडीला मिझोरामची स्थानिक पोरं आणि मोजके परदेशी खेळाडू. शेवटच्या टप्प्यात घरच्या मैदानावर त्यांनी मोहन बागानला 1-0 असं हरवलं. 30 एप्रिल 2017 ला शिलाँग लाजाँगविरुद्ध बरोबरी पुरेशी होती. ऐझॉल आधी पिछाडीवर पडलं, मग विल्यम लालनुनफेलाच्या गोलने सामना 1-1 झाला.

ऐझॉलचे गुण 37, मोहन बागानचे 36. ईशान्य भारतातला क्लब पहिल्यांदाच देशाचा चॅम्पियन झाला. आणि मुंबई एफसी? तो त्याच हंगामात शेवटच्या क्रमांकावर राहिला.

पुन्हा पुन्हा 'हंगामी'

एवढं करूनही वाट सोपी झाली नाही. ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या कोलकात्याच्या बड्या क्लबांत ते फार काळ टिकले नाहीत. नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये ते सहायक होते. जानेवारी 2021 मध्ये स्पॅनिश कोच जेरार्ड नुस गेले आणि संघ जमील यांच्याकडे आला, तोही हंगामी म्हणून. उरलेल्या लीग सामन्यांत संघ एकदाही हरला नाही आणि थेट प्लेऑफमध्ये पोचला. आयएसएलमध्ये भारतीय कोचने हे पहिल्यांदाच करून दाखवलं होतं.

त्याच वर्षी क्लबने त्यांना कायम केलं. आयएसएलचे ते पहिले पूर्णवेळ भारतीय मुख्य कोच. पुढचा हंगाम मात्र वाईट गेला, संघ दहावा आला. नंतर जमशेदपूर एफसीमध्ये त्यांनी पुन्हा जम बसवला. 2024-25 मध्ये संघ आयएसएलच्या उपांत्य फेरीत आणि सुपर कपच्या अंतिम फेरीत गेला.

त्यांच्या संघांचा खेळ देखणा नसतो, अशी टीका होते. आधी बचाव पक्का करायचा, मग लांब पास आणि वेगवान प्रतिहल्ला, हा त्यांचा हिशोब. साधनं तुटपुंजी असली की हाच हिशोब कामाला येतो.

खरी परीक्षा

मार्केझ यांच्या काळात भारताने 8 पैकी एकच सामना जिंकला होता. जमील यांची सुरुवात झोकात झाली. पहिल्याच सामन्यात ताजिकिस्तानवर त्यांच्याच देशात 2-1 ने मात केली. मग काफा नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून भारत तिसरा आला.

पण ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून 1-2 ने हार झाली आणि 2027 च्या आशियाई कपचं दार बंद झालं. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशनेही 1-0 ने हरवलं.

म्हणजे नुसता वस्ताद बदलून कुस्ती जिंकता येत नाही. तालीम, खुराक आणि खालून येणारी पोरंही लागतात. परदेशी कोच हरला की आजवर दुसरा परदेशी आणला जायचा. पहिला धक्का बसल्यावर भारतीय कोचला सावरायला वेळ मिळतो का, यावर जमील यांच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या पुढच्या भारतीय कोचचं नशीबही ठरणार आहे.