धोसक, धिरडं आणि शेंगाचटणी

आमच्या घरात दोन भाषा होत्या. अब्बांशी, पाहुण्यांशी अम्मा दख्खनीत बोलायची. उखळापाशी बसली की मराठीत. तिचं माहेर बार्शी तालुक्यातलं. कांडताना ओव्या तोंडात यायच्या त्या माहेरच्या, आणि त्यांतला पीर, विठोबा, भाऊ, सासर, सगळं मराठीच होतं. आज मला बोलायचं आहे डाळींच्या धिरड्यांविषयी, पण त्या ओव्यांशिवाय ती धिरडी मला आठवत नाहीत.

अब्बा सोलापुरात गिरणीत होते. रमजानमध्ये सहरीला अम्मा हमखास धिरडी करायची. दिवसभर मागावर उभं राहायचं तर पोटाला आधार हवा, आणि डाळ जास्त वेळ टिकते, असा तिचा हिशेब. हरभऱ्याची डाळ दोन वाट्या. उडीद, मूग, तूर मूठ मूठ. संध्याकाळी भिजवायची, निजण्यापूर्वी पाट्यावर वाटायची. गंधासारखं बारीक नाही, जरा रवाळ. त्यात आलं, जिरं, हिंग, मीठ. बिडाचा तवा तापला की अर्धा कांदा तेलात बुडवून त्यावर फिरवायचा, पाण्याचा हबका मारायचा आणि मग पीठ घालून वाटीच्या बुडानं पसरायचं. कडा सुटल्याशिवाय उलथनं लावायचं नाही. पहिलं धिरडं चिकटायचंच. ते आम्हा पोरांचं. सोबत शेंगाचटणी. ती मात्र दुपारीच उखळात कांडून ठेवलेली असे.

पुढे कॉलेजात मराठी घेतल्यावर 'मानसोल्लास' हे नाव कानावर पडलं. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं इसवी सन ११२९च्या सुमारास लिहिलेला हा संस्कृत ग्रंथ. त्याची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं, उमरगा मागे टाकलं, की शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. राजानं ११२६ ते ११३८ राज्य केलं आणि शंभर अध्यायांत हत्ती, रत्नं, गाणं, कुस्ती, जेवण, जे जे राजाला ठाऊक असावं ते सगळं नोंदवून ठेवलं. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेनं तो छापला. संपादक होते श्रीगोंदेकर. (हे आडनाव वाचून मला श्रीगोंद्याचे शेख महंमद आठवले. मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला ते कुठेही आठवतात.) १९३९ मध्ये निघालेला दुसरा भाग मी वाचनालयात मागून घेतला, तो ओवीचा उल्लेख शोधायला. आणि हाती लागला 'अन्नभोग' हा अध्याय.

त्यात 'धोसक' आहेत. हरभऱ्याची डाळ वाटून, मसाला घालून, तेल लावलेल्या तव्यावर धोसक करावेत. उडदाचे, चवळीचे, वाटाण्याचेही याच रीतीनं करावेत, असं राजा सांगतो. तांदळाचं नाव नाही. त्याची 'इड्डरिका' हीसुद्धा नुसत्या उडदाचीच. (त्याच अध्यायात शेतातले उंदीर कसे भाजावेत हेही आहे, पण ते असो.) मी पुस्तकावरून मान वर केली. माझ्या डोळ्यांपुढे अम्माचा बिडाचा तवा होता.

आज उपाहारगृहात मिळतो त्या डोशात तांदूळ जास्त आणि उडीद कमी. राजाच्या धोसकाच्या जवळचं काही हवं असेल तर आमच्या तेलुगू शेजारणीचा हिरव्या मुगाचा पेसरट्टू खावा, तमिळ घरातला मिश्र डाळींचा अडई खावा, नाहीतर सरळ आपलं धिरडं. डोसा त्यांचा आणि धिरडं आमचं, ही वाटणी आपण नंतर केली. ज्या कल्याणीत राजानं धोसक लिहून ठेवले तिथे आजही कानडी, मराठी, तेलुगू, दख्खनी एकाच बाजारात ऐकू येतात.

पण राजाच्या ताटात एक गोष्ट असणं शक्यच नव्हतं. ती म्हणजे शेंगाचटणी. तो तिखटाला मिरी वापरत होता. मिरची आणि भुईमूग, दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले. गोवा पोर्तुगीजांनी १५१० मध्ये घेतलं आणि त्या शतकात मिरची आपल्या किनाऱ्यावर उतरली. तिखटपणा पाहून लोकांनी तिला मिरीवरूनच नाव दिलं आणि घरात घेतलं. भुईमूगही तसाच समुद्रापलीकडून आला. म्हणजे धिरडं नऊशे वर्षांचं तरी आहे आणि चटणी त्याच्या निम्म्या वयाची. तरी सोलापूरची खूण सांगा म्हटलं की चादरीनंतर लोक शेंगाचटणीचंच नाव घेतात. तिला कोणी मूळ गाव विचारत नाही. मला मात्र आजही कविसंमेलनात चहाच्या वेळी कोणीतरी कौतुकानं विचारतं, "तुमचं मराठी इतकं चांगलं कसं हो?" माणूस चांगला असतो, त्याच्या मनात काही नसतं. मी "आईकडून आलं" म्हणतो, आणि त्याला ते पटत नाही.

ओवीचा उल्लेखही सापडला. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, असं राजानं लिहिलं आहे. कांडताना! नेमकं तेच काम आणि तेच गाणं. अम्माला अक्षरओळख नव्हती. राजाचं पुस्तक तिला ठाऊक असायचं कारण नव्हतं. मी मराठी घेऊन बी. ए. झालो, कविता छापून येऊ लागल्या, आणि तिच्या ओव्या मी उतरवून घेतल्या नाहीत. तुझं कागदावरचं, माझं कांडण्यापुरतं, असं ती म्हणायची आणि मी हसून सोडून द्यायचो. ती गेली तेव्हा ग्रंथालयातली टिपणं माझ्याकडे होती. ओव्यांची वही नव्हती.

उखळ मात्र मी ठेवून घेतलं. डाळ आता मिक्सरमध्ये वाटतो, त्यानं काही बिघडत नाही. शेंगाचटणीचं तसं नाही; मिक्सरमध्ये दाण्याचा नुसता भुगा होतो, तेल सुटायला मुसळच हवं. भाजलेले शेंगदाणे, लसूण, जिरं, लाल तिखट, मीठ. रविवारी सकाळी मी कांडतो. अम्माच्या एका ओवीची पहिली ओळ आठवते, पुढची नाही. तीच पुन्हा पुन्हा म्हणतो. धाकट्या मुलीला वाटतं, ओवी तेवढीच असते.