रसायन-अनुचलन

रसायन-अनुचलन म्हणजे परिसरातील एखाद्या पदार्थाच्या संहतीतील फरक ओळखून पेशीने त्या पदार्थाच्या दिशेने किंवा त्याच्यापासून दूर केलेली हालचाल होय. जखमेतील जिवाणूंपर्यंत श्वेत रक्तपेशी पोहोचतात त्या याच क्षमतेमुळे.

दिशेची ओळख

न्यूट्रोफिल ही श्वेत रक्तपेशी सुमारे १२ ते १५ मायक्रोमीटर व्यासाची असते. जिवाणूंपासून सुटणारे फॉर्मिल पेप्टाइड तिच्या पटलावरील ग्राही प्रथिनांना चिकटतात. ग्राही पटलावर सर्वत्र जवळपास सारखेच विखुरलेले असतात. मात्र जिवाणूंकडील बाजूस अधिक ग्राही व्यापले जातात. दोन टोकांमधील संहतीचा फरक एक-दोन टक्के इतका अल्प असला तरी पेशी तो ओळखू शकते. पेशीच्या आतील संदेशयंत्रणा हा फरक वाढवते आणि त्यातून पेशीची पुढची व मागची बाजू निश्चित होते.

हालचालीची यंत्रणा

पुढच्या बाजूस ॲक्टिन प्रथिनाचे तंतू वाढून पटल पुढे ढकलतात व छद्मपाद तयार होतो. मागच्या बाजूस मायोसिन प्रथिनामुळे आकुंचन होऊन उर्वरित पेशी पुढे ओढली जाते. संदेशाची दिशा बदलल्यास पेशीही वळते.

डिक्टिओस्टेलियम

या प्रक्रियेच्या अभ्यासात डिक्टिओस्टेलियम डिस्कॉइडियम या मृदेत राहणाऱ्या अमीबासदृश जीवाचा मोठा वाटा आहे. अन्न संपले की त्याच्या पेशी चक्रीय एएमपी हा पदार्थ ठराविक कालांतराने सोडतात. त्याच्या रोखाने सुमारे १ लाखापर्यंत पेशी एकत्र येतात. त्यांपैकी सुमारे एक-पंचमांश पेशी देठ बनवून मरतात, तर उरलेल्यांचे बीजाणू होतात. हा आकर्षक पदार्थ चक्रीय एएमपी असल्याचे १९६७ मध्ये दाखवण्यात आले.

वैद्यकीय महत्त्व

दिशानियंत्रणातील बिघाड घातक ठरू शकतो. व्हिम सिंड्रोम या दुर्मीळ आनुवंशिक विकारात सीएक्ससीआर४ हा ग्राही गरजेपेक्षा अधिक काळ कार्यरत राहतो. त्यामुळे न्यूट्रोफिल तयार होऊनही अस्थिमज्जेतच अडकतात, रक्तात त्यांची संख्या घटते आणि रुग्णास वारंवार जंतुसंसर्ग होतो. हाच ग्राही स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवरही आढळतो. त्याला जुळणारा संदेशरेणू फुप्फुसे, यकृत व अस्थिमज्जा यांत विपुल असतो आणि या अवयवांमध्ये तो कर्करोग अनेकदा पसरतो. म्हणजेच, जी यंत्रणा रक्षक पेशींना वाट दाखवते, तिचाच उपयोग रोगपेशींनाही होऊ शकतो.