सायकलस्वारांचे ‘आम्ही’

पहाटे डोंबिवलीतून निघणारे सायकलस्वारांचे जथे पाहिले की आम्हांला १९२३ साल आठवते. त्या ऑक्टोबरात मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेस निघाले. मार्च १९२८मध्ये ती पुरी करून परतले तिघेच : आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भूमगरा. १९३१ साली आलेले त्यांचे प्रवासवर्णनही तिघांच्या नावाने निघाले.

पुढच्याने खड्ड्याची खूण मागच्याला द्यावी, चढावर मागे पडलेल्यासाठी सर्वांनी थांबावे, हा आजच्या जथ्यांचा शिष्टाचार. एकट्याला न झेपणारे अंतर सोबतीने कापता येते, हे त्यांचे आकर्षण. परंतु सहांपैकी तिघांची वाट मध्येच वेगळी झाली. सोबत अखेरपर्यंत टिकेलच असे नसते. म्हणूनच ती जपण्याचे नियम करावे लागतात, असे आम्हांला वाटते.