सिडनी ऑपेरा हाऊस: ४ वर्षांचं काम १४ वर्षं का चाललं?

बांधकाम क्षेत्रात एक तक्रार कायम ऐकू येते. क्लायंटला सगळं हवं असतं: लवकर, स्वस्तात आणि फोटोत दिसतं तसंच. क्लायंटची तक्रार बरोबर उलटी असते. सुरुवातीला सगळे 'होऊन जाईल' म्हणतात आणि नंतर बिल वाढत जातं.

या दोन्ही तक्रारी एकाच इमारतीच्या बाबतीत खऱ्या ठरल्या, त्याचं जगभर सांगितलं जाणारं उदाहरण म्हणजे ऑस्ट्रेलियातलं सिडनी ऑपेरा हाऊस. १९५७ साली त्याच्या खर्चाचा अंदाज होता ३५ लाख ऑस्ट्रेलियन पौंड, म्हणजे नंतर आलेल्या चलनात ७० लाख डॉलर. काम पूर्ण व्हायची तारीख ठरली होती २६ जानेवारी १९६३. प्रत्यक्षात उद्घाटन झालं २० ऑक्टोबर १९७३ रोजी आणि खर्च गेला १० कोटी २० लाख डॉलरवर. १० वर्षांहून जास्त उशीर आणि साडेचौदा पट खर्च.

इमारत देखणी झाली, २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही गेली. त्यामुळे 'एवढ्या मोठ्या कलाकृतीला वेळ लागणारच' असं म्हणून ही गोष्ट अनेकदा संपवली जाते. पण उशीर आणि खर्चाचा बराचसा भाग कलेमुळे वाढला नव्हता. काय हवं आहे, हे पक्कं न करताच काम सुरू झालं होतं.

क्लायंट कोण आणि मागणी काय?

क्लायंट होतं न्यू साउथ वेल्स राज्याचं सरकार. प्रीमियर, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यांसारखं पद असलेले जोसेफ केहिल या प्रकल्पाच्या मागे होते. स्पर्धेच्या अटींनुसार दोन सभागृहं हवी होती. मोठ्यात ३,००० ते ३,५०० आणि छोट्यात साधारण १,२०० आसनं. मोठ्या सभागृहात वाद्यवृंदाच्या मैफली व्हायच्या होत्या, ऑपेरा व्हायचा होता, शिवाय बॅले आणि मोठ्या सभाही.

वाचायला हे सोपं वाटतं, पण खरी अडचण इथेच होती. मोठ्या वाद्यवृंदाचं संगीत भरदार वाटायचं तर सभागृहात आवाज साधारण दोन सेकंद घुमत राहावा लागतो. ऑपेरात गायकाचे शब्द कळायला हवेत, म्हणून तिथे घुमणं कमी लागतं. ऑपेराला पडदे आणि सेट वर ओढून घेण्यासाठी रंगमंचावर उंच मोकळी जागाही लागते. ती जागा आसनांसाठीच्या जागेला खाते. म्हणजे एकाच खोलीकडून दोन परस्परविरोधी गोष्टी मागितल्या होत्या आणि कागदावर त्या शेजारी शेजारी निवांत बसल्या होत्या.

रेखाटनांवरून ठरलेला आकडा

दोनशेहून जास्त प्रवेशिकांमधून जानेवारी १९५७ मध्ये डेन्मार्कचे यॉर्न उत्झॉन जिंकले. तेव्हा ते ३८ वर्षांचे होते. त्यांनी पाठवलेली चित्रं कल्पना दाखवणारी होती. शिडांसारख्या दिसणाऱ्या छताचा आकार कोणत्याही ठरावीक भूमितीत बसत नव्हता. तो कसा उभा राहणार, हे कोणी मोजलेलं नव्हतं. लंडनच्या ओव्ह अरुप यांच्या इंजिनियरिंग कंपनीला काम मिळालं ते निकालानंतर.

३५ लाखांचा आकडा या टप्प्यावरचा आहे. तो अंदाज होता. जाहीर झाल्यावर लोकांनी आणि वर्तमानपत्रांनी त्याला किंमत मानलं. पुढची १६ वर्षं प्रत्येक खर्च त्याच आकड्याशी ताडून पाहिला गेला.

निवडणुकीआधीचं भूमिपूजन

मार्च १९५९ मध्ये काम सुरू झालं. त्याच महिन्यात राज्याची निवडणूक होती. (हे वाचून कोणाला आपल्याकडची एखादी कोनशिला आठवली तर नवल नाही.) निधी आटेल, लोकमत फिरेल, ही सरकारला भीती होती. केहिल यांची घाई अगदीच बिनबुडाची नव्हती, कारण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांचं निधन झालं. काम सुरू झालं नसतं तर प्रकल्प टिकला असता का, हा प्रश्न उरतोच.

पण उत्झॉन यांची अंतिम डिझाइन तयार नव्हती. इमारत बांधली जाते खालून वर, तिचं गणित मात्र वरून खाली येतं. छताचं वजन ठरतं, मग ते पेलणारे खांब ठरतात, मग पाया. इथे छत ठरलेलं नसताना खालच्या चौथऱ्याचे खांब उभे राहिले. पुढे छताचा भार स्पष्ट झाला तेव्हा ते खांब अपुरे ठरले आणि ते काम पुन्हा करावं लागलं.

छताचा तोडगा

अपेक्षा कशा हाताळाव्यात, याचा चांगला नमुनाही याच प्रकल्पात सापडतो. छतासाठी किमान डझनभर पर्याय तपासले गेले. मूळ कल्पना पातळ कवचांची होती, ती टिकणारी नव्हती. १९६१ मध्ये तोडगा निघाला: सगळी कवचं ७५.२ मीटर त्रिज्येच्या एकाच गोलाचे तुकडे मानायचे. संत्र्याच्या सालीचे वेगवेगळ्या मापाचे तुकडे काढावेत तसं. वक्रता एकच झाल्यामुळे काँक्रीटचे भाग ठरावीक साच्यांतून ओतता आले, असे २,१९४ भाग लागले. या कल्पनेचं श्रेय कोणाचं, यावर अजून वाद आहे. पण इंजिनियरांनी नुसतं 'नाही' म्हटलं नाही आणि 'हो'ही म्हटलं नाही. चित्रातला आकार बदलला, वजन वाढलं, पण क्लायंटला हवी होती ती ओळख टिकली.

मग क्लायंटनेच मागणी बदलली

१९६५ मध्ये सरकार बदललं. सार्वजनिक बांधकाम मंत्री डेव्हिस ह्यूज यांनी खर्च आणि उशिरावर बोट ठेवलं, पैसे अडवले. फेब्रुवारी १९६६ मध्ये उत्झॉन यांनी काम सोडलं आणि ते ऑस्ट्रेलियात पुन्हा कधीच आले नाहीत. पुढच्या वर्षी ठरलं की मोठं सभागृह फक्त मैफलींसाठी ठेवायचं. ऑपेरा छोट्या सभागृहात गेला. मोठ्या सभागृहात आधीच बसवलेली रंगमंचाची यंत्रसामग्री भंगारात काढावी लागली.

म्हणजे १९५० च्या दशकातला परस्परविरोध सुटायला १९६७ उजाडलं. कागदावर फुकटात सुटला असता तो प्रश्न लोखंड बसवल्यावर सोडवला गेला. ऑपेरा हाऊस नावाच्या इमारतीत ऑपेरालाच छोटी जागा मिळाली.

आज काय केलं जातं?

मोठ्या प्रकल्पांत आता मागण्या लिहून घेऊन त्यावर क्लायंटची सही घेतली जाते. सुरुवातीचा खर्च एका आकड्यात न सांगता 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असा सांगितला जातो आणि डिझाइन पुढे सरकेल तसा तो पट्टा अरुंद होतो. एका टप्प्यावर डिझाइन गोठवलं जातं. त्यानंतरचा कोणताही बदल 'किती पैसे, किती दिवस' हे लिहूनच पुढे जातो. यातली सगळ्यात अवघड गोष्ट मात्र तांत्रिक नाही. क्लायंटच्या बाजूने अंतिम निर्णय कोण घेणार, हे आधी ठरवावं लागतं. सिडनीत समिती, सरकार, मैफली करणारे आणि ऑपेरावाले असे सगळेच क्लायंट होते.

घर बांधताना

छोट्या कामातही प्रश्न हेच असतात. दोन मजल्यांसाठी पाया भरून झाल्यावर 'वर अजून एक टाकू' म्हणणं, हॉलमध्ये मधे येतो म्हणून खांब काढायला सांगणं, मुहूर्त जवळ आला म्हणून स्लॅबखालचे टेकू लवकर काढायला लावणं. यातल्या काही गोष्टींत तडजोड होऊ शकते: टाइल्स, खिडक्या, रंग, फर्निचर. टेकूंच्या बाबतीत नाही. भारतीय मानक आयएस ४५६ नुसार, साधं पोर्टलँड सिमेंट आणि १५ अंशांच्या वरचं तापमान असेल, तर साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या स्लॅबखालचे १४ दिवस ठेवावे लागतात. सहा मीटरहून लांब बीम असेल तर २१ दिवस. बाजारात सर्रास मिळणारं पीपीसी सिमेंट ताकद सावकाश धरतं, त्यामुळे त्याला आणखी थांबावं लागतं.

पुढे कधीतरी तिसरा मजला चढवायचा विचार मनात असेल, तर तो स्ट्रक्चरल इंजिनियरला पायाचं ड्रॉइंग होण्याआधी सांगायचा असतो. तेव्हा खांब आणि फुटिंगमध्ये थोडं जास्त लोखंड आणि काँक्रीट घालून भागतं. नंतर सांगितलं तर आधी आहे ते तपासावं लागतं, मग खांबांना बाहेरून जाकीट चढवावं लागतं, आणि पाया पुरेसा नसेल तर इंजिनियर मजल्याला सरळ नकार देतो.