तारण सर्वांना खुले, पण पंगतीचे काय?

हिवाळी अधिवेशन सुरू झाले की धंतोलीतले यशवंत स्टेडियम मोर्चेकऱ्यांनी भरून जाते. अंगणवाडी सेविका, विनाअनुदानित शिक्षक, हलबा, धनगर, प्रकल्पग्रस्त, सगळे इथूनच विधानभवनाकडे निघतात आणि पोलीस अडवतील तिथे रस्त्यावर बसतात. आम्हीही दरवर्षी इथे असतो. कधी आमचाच मोर्चा असतो, कधी दुसऱ्यांच्या मोर्च्यात पाण्याचे कॅन आणि पत्रके घेऊन उभे असतो. अशाच एका डिसेंबरात धंतोलीतल्या एका दवाखान्यात आयाचे काम करणारी एक बाई ड्युटी संपवून आमच्याजवळ पत्रक वाचायला थांबली. गळ्यात बारीक क्रॉस. बोलता बोलता गाव निघाले, आडनाव निघाले, आणि आमच्यातल्या एकाच्या आजोळाशी तिचे नाते जुळले. ती म्हणाली, "भाऊ, आपल्या आजाचा आजा एकाच महारवाड्यातला. तुमाले दाखला भेटला, आमाले नाई भेटला. आमी येशूले मानलं, येवढंच ना?"

ती गेल्यावर आमचा एक कार्यकर्ता सहज बोलून गेला, "त्यांना तारण मिळालं ना, मग आता आरक्षण कशाला पाहिजे?" दोन-तीन जण हसले. आम्हालाही त्या वेळी उत्तर सुचले नाही. हा लेख त्या कार्यकर्त्यासाठी आहे, आणि हसणाऱ्यांसाठीही.

'तारण' हा मराठी ख्रिस्ती माणसांचा आवडता शब्द. त्याचा दावा साधा आहे: येशूवर विश्वास ठेवणाऱ्या कुणालाही ते मिळते. जन्म, कुळ, वंश, धंदा आड येत नाही. आम्ही बौद्ध आहोत. आत्मा आम्ही मानत नाही, तारणहारही मानत नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बुद्ध हा मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही, असे स्पष्ट मांडले आहे. त्यामुळे तारण खरे की खोटे या वादात आम्हाला रस नाही. आमचा प्रश्न समाजशास्त्राचा आहे. दार सर्वांना उघडे आहे असे एखादा धर्म जाहीर करतो, तेव्हा आत गेलेल्या माणसाला बसायला जागा कुठे मिळते?

हा प्रश्न आम्ही उगाच उकरून काढलेला नाही. ख्रिस्ती मंडळीतले पहिले मोठे भांडण याच प्रश्नावर झाले. यहुदी नसलेल्यांना सुंता न करता मंडळीत घ्यायचे की नाही, यावर यरुशलेममध्ये सभा भरली आणि घ्यायचे असे ठरले. पण अंत्युखियात वेगळेच घडले. पेत्र यहुदी नसलेल्यांबरोबर जेवत असे. यरुशलेमहून काही कर्मठ मंडळी आली तेव्हा तो त्या पंगतीतून मागे सरला. पौलाने त्याला सर्वांसमोर सुनावले, आणि गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात ते नोंदवूनही ठेवले. याच पत्रात पुढे तो यहुदी-ग्रीक, दास-स्वतंत्र, स्त्री-पुरुष हे भेद ख्रिस्तात उरत नाहीत असे सांगतो. महान वचन आधी आले आणि मग आचरण, असे झालेले नाही. पंगतीतून उठलेल्या माणसाशी भांडता भांडता ते वचन लिहिले गेले. भारतात मात्र हे पत्र आले आणि त्यातली पंगत वाटेतच कुठेतरी राहिली.

मुद्दाम कोण विसरले ते पाहा. 1606 मध्ये मदुराईला आलेला जेझुइट रॉबर्ट दे नोबिली ब्राह्मण संन्याशासारखा राहू लागला. जानवे, शेंडी, गंध ही सामाजिक चिन्हे आहेत, धार्मिक नाहीत, असा त्याचा युक्तिवाद होता आणि 1623 मध्ये पोपनेही त्याला मान्यता दिली. पुढे त्या मिशनात वरच्या जातींसाठी वेगळे आणि खालच्या जातींसाठी वेगळे धर्मगुरू अशी व्यवस्था रुजली. उलट 1833 मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी चर्चमध्ये जातिभेद चालणार नाही असा आदेश काढला, तेव्हा दक्षिणेतले अनेक सवर्ण ख्रिस्ती चर्च सोडून निघाले. तारण हवे होते, पण परयाच्या शेजारी बसून नको होते.

आपल्या मराठी मुलखात हिंदूंचा दरवाजा याहून घट्ट होता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. 1843 साली मुंबईत नारायण शेषाद्री नावाचा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत त्याच्याकडे जाऊन राहिला. कोर्टाने मुलाला बापाच्या ताब्यात दिले. पण पोर ख्रिस्त्यांबरोबर राहिले-जेवले होते, त्यामुळे त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावर मुंबई-पुण्याच्या ब्रह्मवृंदात रण माजले. बाळशास्त्री जांभेकर मुलाच्या बाजूने उभे राहिले, तर त्यांच्याच मागे बहिष्काराचे शुक्लकाष्ठ लागले. एका पोराच्या काही जेवणांनी धर्म बुडत होता! याच नारायण शेषाद्रींनी पुढे जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव वसवले, आणि तिथे राहायला आलेल्यांत मांग समाजातून ख्रिस्ती झालेले लोक मोठ्या संख्येने होते. ब्राह्मण धर्मगुरू आणि मांग कुटुंबे एका वस्तीत, ही त्या काळातली छोटी गोष्ट नव्हे. मिशनरी म्हणजे फक्त साम्राज्याचे हस्तक, असे एका वाक्यात उडवून लावणाऱ्या आपल्या मित्रांनी बेथेल आठवावे. जोतिराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि मुक्ता साळवेचा निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदय' या मिशनरी पत्रात छापून आला, हेही आठवावे.

आता नागपूर. 1845 मध्ये फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे स्टीफन हिस्लॉप इथे आले. पुढच्याच वर्षी शाळा काढली. माणूस विद्वान होता. या भागातले खडक आणि जीवाश्म त्यांनी तपासले, गोंडांची गाणी आणि कथा टिपून ठेवल्या. 1863 मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळ पुराच्या पाण्यात बुडून ते गेले. त्यांच्या नावाचे कॉलेज 1883 पासून उभे आहे आणि त्यातून नागपूरचे किती वकील, प्राध्यापक, पुढारी बाहेर पडले याची मोजदाद नाही. त्यातले ख्रिस्ती किती झाले? अगदी थोडे. बाबासाहेबांनी नेमके इथेच बोट ठेवले. अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर लिहिताना ते म्हणतात की, मिशनांनी कॉलेजे आणि दवाखान्यांवर जो पैसा ओतला त्याचा लाभ मुख्यतः वरच्या जातींच्या हिंदूंनी उचलला. त्यांना इंग्रजी हवे होते, ख्रिस्त नको होता. ज्यांनी ख्रिस्त स्वीकारला त्या अस्पृश्यांच्या वाट्याला त्या मानाने फार थोडे आले.

या सगळ्यात आम्हाला सर्वांत जास्त छळते ती जाईबाई चौधरींची कहाणी. महार समाजातली ही बाई नागपुरात हमाली करीत असे, डोक्यावर ओझी वाहत असे. ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंच्या ती नजरेस पडली. त्यांच्या मदतीने तिला मिशनच्या शाळेत महिना चार रुपयांवर शिक्षिकेचे काम मिळाले. डोक्यावरची चुंबळ उतरवून हातात खडू आला. मग मास्तरीण महार आहे हे पालकांना कळले. त्यांनी बहिष्कार घातला. जाईबाईंची नोकरी गेली आणि पुन्हा डोक्यावर ओझे आले.

इथे दोष कुणाचा ते नीट पाहिले पाहिजे. बहिष्कार घालणारे हिंदू होते. ग्रेगरीबाईंनी जे केले ते या शहरातल्या एकाही शास्त्रीपंडिताने केले नव्हते, त्याचे ऋण आम्ही मानतो. पण शाळा मिशनची होती. ज्या शाळेत सर्व माणसे देवाची लेकरे असे शिकवले जात होते, त्या शाळेला 'बाई इथेच शिकवतील, पटत नसेल त्यांनी पोरे काढून न्यावीत' असे म्हणता आले नाही. शाळा रिकामी पडली असती, हे आम्हाला कळते. संस्था चालवणाऱ्या प्रत्येकापुढे असा दिवस येतो. त्या दिवशी पेत्रासारखे मागे सरायचे की पौलासारखे सुनवायचे, एवढाच प्रश्न असतो.

जाईबाईंनी उत्तर स्वतः शोधले. 1922 मध्ये त्यांनी नागपुरात संत चोखामेळा यांच्या नावाने मुलींची शाळा काढली. आणि 1937 मध्ये याच शहरात अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन भरले, तेव्हा जेवणाच्या वेळी जाईबाईंना सवर्ण बायकांपासून वेगळे बसवण्यात आले. पुन्हा पंगत! या वेळी पालक अडाणी नव्हते. देशाच्या सुशिक्षित, सुधारक म्हणवणाऱ्या बायका होत्या. नागपुरातल्या आपल्या स्त्रियांनी सभा घेऊन त्याचा निषेध केला.

जवळपास त्याच दिवसांत, 1 जानेवारी 1938 रोजी, बाबासाहेब सोलापुरात ख्रिस्ती बांधवांपुढे बोलले. येवल्याच्या घोषणेला दोन वर्षे उलटली होती. कोणता धर्म घेणार याकडे सगळ्यांचे डोळे लागले होते. त्या भाषणात त्यांनी आपल्या मनात बुद्ध आणि ख्रिस्त या दोनच व्यक्ती असल्याचे सांगितले, आणि लगेच ख्रिस्ती समाजाला आरसाही दाखवला. दक्षिणेतल्या चर्चमध्ये जात पाळली जाते. सामाजिक अन्यायाविरुद्ध तुम्ही समाज म्हणून कधी लढला नाहीत. राजकारणात तुम्ही मागे आहात. असा त्याचा आशय. म्हणजे ख्रिस्ताला त्यांनी धुडकावलेले नाही. ज्या माणसांनी तारण घेतले त्यांची परिस्थिती का पालटली नाही, हा त्यांचा सवाल होता. त्यांच्या मते दोष अंशतः शिकवणुकीच्या मांडणीतच होता. तुझ्या दुःखाचे मूळ तुझ्या पापात आहे, असे अस्पृश्याला सांगितले की तो पश्चात्ताप करतो. त्याचे मूळ तुझ्या गावाच्या व्यवस्थेत आहे, असे सांगितले की तो उभा राहतो. 14 ऑक्टोबर 1956 रोजी, धंतोलीपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, त्यांनी लाखोंना जे दिले त्यात 22 प्रतिज्ञा होत्या. काय सोडायचे आणि कसे वागायचे, हे त्यात ठरवून दिले होते. पापक्षमा त्यात कुठेच नव्हती.

इथपर्यंत आमच्या कार्यकर्त्याला सगळे गोड लागेल. पण आता पुढचे.

मंडळीने पंगतीत जागा दिली नाही ती नाहीच, आणि 10 ऑगस्ट 1950 रोजी राष्ट्रपतींच्या आदेशाने बाहेरचे दारही लागले. अनुसूचित जातींच्या त्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदू सोडून इतर धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातीचा मानता येणार नाही असे ठरवले. 1956 मध्ये शिखांना त्यातून वगळले. आपल्याला, म्हणजे बौद्धांना, 1990 पर्यंत थांबावे लागले. चौतीस वर्षे केंद्राच्या लेखी आपली अवस्था त्या आयाबाईसारखीच होती, हे आज तिशीतल्या किती पोरांना माहीत आहे? तेव्हा आपल्याला काय ऐकवले जात होते? 'बौद्ध धर्मात जात नाही ना, मग सवलती कशाला?' आमच्या मित्राच्या तोंडचे वाक्य त्याचे नाहीच, ते आपल्याविरुद्ध वापरलेले जुने वाक्य आहे.

सर्वोच्च न्यायालयाने 1985 च्या सूसाई खटल्यात म्हटले की, धर्मांतरानंतरही तेच सामाजिक दुर्बलत्व तेवढ्याच तीव्रतेने टिकते, हे सिद्ध करा. 2007 मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने तिसरा परिच्छेदच काढून टाकण्याची शिफारस केली. ती धूळ खात पडली. 2022 मध्ये न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. गंमत अशी की, आदिवासी माणूस ख्रिस्ती झाला तरी अनुसूचित जमातीतच राहतो. धर्माची अट फक्त अस्पृश्यांना. आणि हा प्रश्न नोकरीपुरता नाही. गावात ख्रिस्ती महाराला किंवा मांगाला जातीवरून मारहाण झाली तर मारणाऱ्याला त्याची जात पक्की ठाऊक असते, पण ॲट्रॉसिटीचा कायदा लावायची वेळ आली की त्याला जात नसते.

'वाटेकरी वाढतील' ही भीती आपल्या वस्तीत उघड बोलली जाते. ती अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. जागा कमी आणि हात जास्त, हे खरेच आहे. पण मग वाटा वाढवून मागा, दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान यांना सोबत घेऊन मागा. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध 65 लाखांच्या वर आणि सगळे ख्रिस्ती मिळून 11 लाखांच्या आत. त्यातले आपल्या जातभाईंचे किती, हे सरकारने मोजायचे टाळले आहे. आणि वाटेकऱ्यांची भाषा बोलताना आपल्याच विहारात डोकवायला हरकत नाही. मातंग, चर्मकार घरातून कुणी धम्मात आला तर त्याला आपण विहार समितीत घेतो का, पोरगी देतो का? आमच्या स्वतःच्या वस्तीत याचे उत्तर आम्हाला खाली मान घालायला लावते. दार खुले आहे असे आपणही 1956 पासून सांगत आलो आहोत.

त्या आयाबाईंना आम्ही दवाखान्याच्या फाटकाशी पुन्हा भेटलो. 10 ऑगस्टला दलित ख्रिस्ती संघटना काळा दिवस पाळतात, तेव्हा तुमच्यासोबत आम्हालाही यायचे आहे असे सांगितले. त्यांनी आधी आमच्याकडे जरा संशयानेच पाहिले. मग विचारले, "निळा झेंडा आणान का?" आणणार, असे आम्ही सांगितले. त्यांची ड्युटी त्या दिवशी दुपारची असल्याने सकाळी दहाची वेळ ठरली आहे. हसणाऱ्या मित्रांनाही निरोप पाठवला आहे.